विद्येची वाट कारखान्याकडे

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते अध्यापक होते. बढतीत डावलले जाताच नोकरी सोडून ते बेळगावी आले आणि कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडवू लागले. लोखंडाने जमीन नासते हा शेतकऱ्यांचा समज त्यांनी चिकाटीने दूर केला. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९५६ साली ते निवर्तले. संस्थेतील विद्या कारखान्यात पोचण्यास तेव्हा एका अध्यापकाला संस्थाच सोडावी लागली. बेळगाव-निपाणी भागातील छोट्या कारखानदारांना आज संशोधनसंस्थांची दारे आणि प्रयोगांच्या नोंदी खुल्या असाव्यात, असे आम्हांस वाटते.