विमानाची शेपूट काढून टाकणारा माणूस: जॅक नॉर्थ्रॉप आणि रडारला चकवणारं विमान

बी-२ स्पिरिट हे विमान तुम्ही एखाद्या रीलमध्ये किंवा गेममध्ये नक्की पाहिलं असेल. काळंकुट्ट, चपटं, वटवाघळासारखं. त्याला शेपूट नाही, मधला नळकांड्यासारखा सांगाडा नाही, नुसता एकच मोठा पंख! या टोकापासून त्या टोकापर्यंत १७२ फूट. हे विमान पहिल्यांदा उडालं १९८९ मध्ये.

आता गंमत बघा. याच घाटणीचं आणि १७२ फुटांचंच एक विमान अमेरिकेत १९४७ मध्ये उडालं होतं. मग सरकारने ते भंगारात काढलं आणि ते बनवणारा माणूस कंपनी सोडून घरी बसला. त्याचं नाव जॅक नॉर्थ्रॉप. आजची स्टेल्थ विमानं समजून घ्यायची तर त्याची गोष्ट माहीत असायलाच हवी.

डिग्री नाही, पण हात चालायचा

जॉन नुडसेन नॉर्थ्रॉपचा जन्म १० नोव्हेंबर १८९५ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधला. वाढला मात्र कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावात. शाळा संपली १९१३ मध्ये आणि शिक्षणही तिथेच थांबलं. पुढे त्याने गॅरेजमध्ये मेकॅनिकचं काम केलं, सुतारकाम केलं, एका आर्किटेक्टकडे नकाशे काढले.

१९१६ मध्ये त्याच गावात विमानं बनवणाऱ्या दोन भावांकडे त्याला नोकरी लागली. हे भाऊ म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या लॉकहीड कंपनीचे संस्थापक. विमानाचे भाग कागदावर काढायचे आणि ते ताण सहन करतील की नाही याचं गणित करायचं, हे सगळं जॅक काम करता करता शिकला.

आणि शिकला कसा! १९२७ मध्ये त्याने लॉकहीडसाठी व्हेगा हे विमान डिझाइन केलं. अमेलिया इअरहार्टने १९३२ मध्ये एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला तो व्हेगामधूनच. पंख आतून अनेक कप्प्यांचा करून मजबूत आणि हलका ठेवायची त्याची पद्धत पुढे डग्लस कंपनीच्या डीसी-३ विमानात वापरली गेली. डीसी-३ म्हणजे आपल्याकडे डकोटा म्हणून ओळखलं जाणारं विमान. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारतीय सैनिक श्रीनगरला उतरले ते डकोटातूनच.

डोक्यातला किडा: शेपूट हवीच कशाला?

एवढं यश मिळूनही जॅकच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. विमानाला वर उचलतो तो पंख. मग मधला सांगाडा आणि शेपूट काय करतात? ते हवेला अडतात, म्हणजे ड्रॅग वाढवतात, आणि वर उचलायला फारशी मदत करत नाहीत. मग सगळं पंखातच का बसवू नये? इंजिन, इंधन, माणसं, सामान, सगळं! विरोध कमी झाला की तेवढ्याच इंधनात विमान जास्त लांब जाईल.

ऐकायला सोपं आहे, पण शेपटीचं एक मोठं काम असतं. पतंगाला शेपटी लावली की तो गोते खात नाही. विमानाचंही तसंच. शेपूट त्याला सरळ ठेवते. ती काढली की विमानाचं नाक डावीकडे-उजवीकडे डोलायला लागतं.

१९३९ मध्ये जॅकने कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नमध्ये स्वतःची कंपनी काढली आणि १९४० मध्ये त्याचं एन-१एम हे छोटं पिवळं बिनशेपटीचं विमान उडालं. मग युद्ध आलं. त्या काळात कंपनीने पी-६१ ब्लॅक विडो बनवलं. रात्री रडारने शत्रू शोधून पाडायचा, एवढ्याच कामासाठी मुद्दाम बनवलेलं अमेरिकेचं हे पहिलं विमान. म्हणजे जो माणूस पुढे रडारला चकवणाऱ्या विमानासाठी ओळखला जाणार होता, त्याने आधी रडारने शिकार करणारं विमान बनवलं!

आठ जेट इंजिनं आणि एक अपघात

युद्ध चालू असतानाच अमेरिकेच्या सैन्याने त्याला एक प्रचंड बॉम्बर बनवायला सांगितलं होतं. पंख्याची इंजिनं असलेलं एक्सबी-३५ उडालं १९४६ मध्ये, पण पंखे आणि गिअरबॉक्सने खूप त्रास दिला. मग त्याच सांगाड्यात आठ जेट इंजिनं बसवली आणि २१ ऑक्टोबर १९४७ ला वायबी-४९ हवेत गेलं.

वेग भारी होता. फेब्रुवारी १९४९ मध्ये हे विमान कॅलिफोर्नियातून साधारण साडेचार तासांत वॉशिंग्टनजवळ पोचलं आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ते जवळून पाहिलं. पण अडचणीही होत्या. त्या काळची जेट इंजिनं इंधन अक्षरशः पीत, त्यामुळे विमानाचा पल्ला खूप घटला. डोलणंही पूर्ण थांबेना आणि डोलणाऱ्या विमानातून नेमका बॉम्ब टाकणं कठीण.

त्याआधीच, ५ जून १९४८ ला चाचणीच्या वेळी एक वायबी-४९ हवेतच तुटलं. आतले पाचही जण गेले. त्यांच्यात कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स होते. अमेरिकेतला सगळ्यात प्रसिद्ध विमान चाचणी तळ, एडवर्ड्स एअर फोर्स बेस, त्यांच्याच नावाने आहे.

आणि मग कापाकापी

१९४९ मध्ये हा कार्यक्रम बंद झाला. अर्धवट तयार झालेली विमानं कारखान्यातच कापून वितळवायला काढली. ज्यांनी रिव्हेट ठोकून ती उभी केली होती, त्यांच्याच डोळ्यांदेखत. पूर्ण आकाराचं एकही विमान संग्रहालयात ठेवायलासुद्धा उरलं नाही.

का बंद झालं? जॅकने १९७९ मधल्या एका मुलाखतीत सांगितलं, की त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन करायला वरून दबाव होता, त्याने नकार दिला आणि त्याचीच ही शिक्षा होती. अनेक इतिहासकारांना हे पटत नाही. त्यांच्या मते विमानातले दोषच पुरेसे होते. खरं काहीही असो, १९५२ मध्ये ५७ व्या वर्षी जॅक निवृत्त झाला.

रडारला नेमकं काय दिसतं?

इथे थोडं तंत्रज्ञान समजून घेऊ. रडार रेडिओ लहरी सोडतं आणि वस्तूवर आपटून परत येणाऱ्या लहरी पकडतं. म्हणजे विमान लपवायचं तर लहरी परत जाता कामा नयेत.

सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर आठवा. त्यात बारीक बारीक काटकोनी कोपरे असतात. प्रकाश कुठूनही येवो, तो फिरून आला त्याच दिशेला परत जातो. साध्या विमानात उभी शेपूट आणि आडवा पंख मिळून असाच काटकोन तयार होतो. रडारसाठी तो रिफ्लेक्टरच! लटकवलेली क्षेपणास्त्रं आणि इंजिनाची फिरणारी पातीही तशीच चमकतात.

म्हणून एफ-२२ आणि एफ-३५ सारख्या लढाऊ विमानांच्या दोन्ही शेपट्या तिरक्या असतात, शस्त्रं पोटात असतात, हवा आत घेणारा मार्ग वळणदार असतो आणि वरून लहरी शोषणारा लेप असतो. पण शेपूटच नसेल तर? कोपराच संपला!

जॅकने शेपूट काढली ती हवेचा विरोध कमी करायला. तीस वर्षांनी रडारचं गणित मांडणारे इंजिनिअर वेगळ्याच वाटेने त्याच आकारापाशी येऊन पोचले.

तोल सांभाळला कॉम्प्युटरने

मग डोलण्याचं काय? इथे फ्लाय-बाय-वायर आलं. पायलट फक्त सांगतो कुठे जायचं. कॉम्प्युटर सेन्सरकडून माहिती घेतो आणि पंखांवरच्या झडपा सेकंदाला कित्येक वेळा हलवून विमान सरळ ठेवतो. आपलं तेजसही मुद्दाम अस्थिर बनवलेलं आहे आणि त्याचा तोल असाच कॉम्प्युटर सांभाळतो. १९४७ मध्ये विमानात मावेल असा कॉम्प्युटरच नव्हता. त्याची वाट बघत जॅकची कल्पना तीस वर्षं थांबली.

बंद खोलीतलं मॉडेल

१९७० च्या दशकाच्या शेवटी जॅक खूप आजारी होता. चालणं थांबलं, बोलणंही जवळजवळ गेलं. त्याच सुमारास त्याची जुनी कंपनी एका अतिगुप्त बॉम्बरवर काम करत होती. इतकं गुप्त, की तिथल्या कामगारांना घरीसुद्धा त्याबद्दल बोलता येत नव्हतं.

१९८० मध्ये सरकारकडून खास परवानगी काढून ८४ वर्षांच्या जॅकला आत नेलं आणि एक छोटं मॉडेल त्याच्या हातात दिलं. शेपूट नाही, सांगाडा नाही, नुसता पंख. काही समजावून सांगायची गरजच नव्हती. जे कापलं गेलं होतं तेच पुन्हा बनत होतं.

१८ फेब्रुवारी १९८१ ला जॅक गेला. कंपनीला बी-२ चं कंत्राट मिळालं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. जगाने ते विमान पाहिलं १९८८ मध्ये.

आज काय चाललंय?

बी-२ फक्त २१ बनली. तिच्या जागी येणारं बी-२१ रेडरही बिनशेपटीचंच आहे. भारतात डीआरडीओने १ जुलै २०२२ ला कर्नाटकातल्या चित्रदुर्गजवळ बिनशेपटीचं मानवरहित विमान उडवलं. डिसेंबर २०२४ मध्ये चीनच्या आकाशात दिसलेल्या नव्या लढाऊ विमानालाही शेपूट नाही. म्हणजे ही कल्पना आता बॉम्बरवरून फायटरपर्यंत आली आहे.

आणि हो, बी-२१ चं पहिलं उड्डाण झालं १० नोव्हेंबर २०२३ ला. तारीख परत बघा. त्या दिवशी जॅक नॉर्थ्रॉपचा १२८ वा वाढदिवस होता.