ॲग्नेस पॉकेल्स

भांडीं घासतांना तेलकट पाण्यावर तवंग पसरलेला आपण नित्य पाहतों; पण तो निरखून पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. ज्या बाईंनीं तो निरखिला, त्यांचें हें चरित्र आहे.

ॲग्नेस पॉकेल्स ह्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजीं व्हेनिस येथें झाला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यांत होते. हिवतापानें त्यांची प्रकृति खालावल्यामुळें १८७१ सालीं हें कुटुंब जर्मनींतील ब्राउनश्वाइग शहरीं येऊन राहिलें. ॲग्नेसबाईंना पदार्थविज्ञानाची विलक्षण आवड. परंतु त्या काळीं तेथील विद्यापीठांचीं दारें स्त्रियांना बंद होतीं. धाकटे बंधु फ्रीड्रिख ग्योटिंगेन येथें शिकावयास गेले, आणि ह्या घरीं राहून आजारी आईबापांची शुश्रूषा करूं लागल्या. भावानें पाठविलेलीं पुस्तकें हेंच त्यांचें विद्यापीठ व स्वयंपाकघर हीच त्यांची प्रयोगशाळा!

विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनीं एक साधें उपकरण सिद्ध केलें. पत्र्याचें उथळ भांडें पाण्यानें कांठोकांठ भरावयाचें, त्यावर आडवी ठेविलेली पत्र्याची पट्टी सरकवून पृष्ठभाग लहानमोठा करावयाचा, आणि तराजूला टांगलेली गुंडी पाण्यावरून उचलण्यास किती जोर लागतो तें मोजावयाचें. तेलाचा थर ऐसपैस पसरलेला असतां पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण जवळजवळ शुद्ध पाण्याइतकाच राहतो. मात्र ठराविक मर्यादेपलीकडे थर दाटला कीं, तो एकदम उतरतो, असें त्यांस आढळून आलें.

हें काम सुमारें दहा वर्षें अज्ञात राहिलें. अखेर जानेवारी १८९१ मध्यें त्यांनीं लॉर्ड रॅले ह्या इंग्रज शास्त्रज्ञांस जर्मन भाषेंत पत्र लिहिलें. रॅलेसाहेब स्वतः ह्याच विषयावर काम करीत होते. तरीहि त्यांनीं पत्नीनें केलेलें त्या पत्राचें भाषांतर 'नेचर' नियतकालिकांत मोठ्या मनानें छापविलें.

पुढें अमेरिकेंतील लँगम्यूर ह्यांनीं ही पद्धत वाढविली, व १९३२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. १९२५ सालीं हॉलंडमध्यें गोर्टर व ग्रेंडेल ह्यांनीं तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्य पाण्यावर पसरून, पेशीचें आवरण दोन रेणूंइतकें जाड असल्याचें अनुमान काढलें. आज शास्त्रज्ञ त्या आवरणाच्या, पॉलिमरच्या कड्यानें वेढलेल्या, अतिसूक्ष्म चकत्या कापून तींतील प्रथिनें अभ्यासितात.

१९३२ सालीं ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठानें सत्तर वर्षांच्या ॲग्नेसबाईंना सन्माननीय डॉक्टरची पदवी अर्पण केली. २१ नोव्हेंबर १९३५ रोजीं त्या निवर्तल्या.

विद्यार्थिमित्रहो, साधनें नाहींत म्हणून हातपाय गाळून बसण्यापूर्वीं ह्या बाईंची ती गुंडी एकदां आठवावी.