धरणीकंपाची नोंद ठेवणारे नानाभॉय मूस

बुलडाणा (प्रतिनिधी) : लोणारच्या परिसरापासून थेट मुंबईपर्यंत पसरलेले काळ्या पाषाणाचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेने आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीने तो खोटा ठरविला. मात्र या भूमीवर भूकंपाची यंत्राने नोंद घेण्यास त्यापूर्वी कितीतरी वर्षे प्रारंभ झाला होता. त्याचे श्रेय कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस यांना जाते.

१८५९ साली पारशी कुटुंबात जन्मलेल्या मूस यांनी पुण्यात व पुढे एडिंबरो येथे शिक्षण घेतले. एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केल्यानंतर १८९६ मध्ये त्यांनी वेधशाळेची सूत्रे स्वीकारली. पुढच्याच वर्षी, १२ जून रोजी, आसाम हादरले. शतक संपण्यापूर्वी कुलाब्यात मिल्न बनावटीचे भूकंपमापक बसले.

या यंत्राचे तत्त्व साधे आहे. जमीन हलते, तेव्हा टांगलेला आडवा दांडा जडत्वामुळे मागे राहतो आणि हा फरक प्रकाशकिरणाच्या साहाय्याने फिरत्या छायाचित्रण कागदावर उमटतो. प्रथम वेगवान प्राथमिक लहरी येतात, मागाहून दुय्यम. जवळच्या भूकंपात या दोहोंमधील प्रत्येक सेकंदामागे केंद्र साधारण ८ किलोमीटर दूर असते. अर्थात, एका ठिकाणाहून अंतर कळते, जागा नव्हे. त्यासाठी किमान तीन केंद्रांच्या नोंदी जुळवाव्या लागतात. जॉन मिल्न यांनी जगभर उभारलेल्या जाळ्यात कुलाब्याचे महत्त्व होते ते यामुळेच.

मूस यांची खरी कसोटी लागली ती मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या तेव्हा. वेधशाळेतील चुंबकीय उपकरणे विजेच्या प्रवाहाने बिघडणार होती आणि १८४६ पासूनच्या सलग नोंदींची साखळी तुटणार होती. भूकंपमापक कुलाब्यातच ठेवून मूस यांनी चुंबकीय विभाग अलिबागला हलविला. त्यासाठी लोहविरहित दगडाची इमारत उभारण्यात आली. १९०४ पासून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप केल्याने जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसला. अशी चिकाटी सरकारी खात्यात विरळाच!

१९१० मध्ये त्यांनी साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. १९३६ साली त्यांचे निधन झाले. भूकंपाची तीव्रता एका आकड्यात सांगणारे रिश्टर यांचे मापन त्याच्या अवघे एक वर्ष आधी पुढे आले होते.