व्याधिग्रस्तांचे आश्रयस्थान : श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराज

आटगाव येथे देवदर्शनास येणाऱ्या भाविकांमध्ये दीर्घ व्याधीने त्रस्त झालेले, अथवा घरातील रुग्णासाठी नवस बोलण्यास आलेले अनेक जण असतात. आपल्याच वाट्यास हे दुःख का आले, हा प्रश्न त्यांच्या मनास सतत पोखरत असतो. पूर्वजन्मीचे पाप एवढेच उत्तर ऐकून कित्येक जण अधिक खचतात. सहाशे वर्षांपूर्वी ज्या महापुरुषाच्या चरणी असे असंख्य रुग्ण येऊन विसावले, त्या श्रीनृसिंहसरस्वतींचे चरित्र अशा भाविकांना धीर देणारे आहे. श्रीगुरूंचे शिष्य सायंदेव यांच्या वंशातील सरस्वती गंगाधर यांनी लिहिलेल्या ‘श्रीगुरुचरित्र’ या ग्रंथाच्या आधारे ते येथे संक्षेपाने देत आहोत.

जन्म व बालपण

श्रीदत्तात्रेयांचे द्वितीय अवतार म्हणून पूजिल्या जाणाऱ्या श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म विदर्भातील कारंजा या गावी झाला. परंपरेनुसार हा काळ इ. स. १३७८ चा मानला जातो. पित्याचे नाव माधव व मातेचे नाव अंबा. बाळाचे नाव नरहरी ठेवण्यात आले. जन्मताच ॐकाराचा उच्चार करणारे हे बालक पुढे मात्र काहीच बोलेना. मुलगा मुका निघाला या विचाराने मातापित्यांनी अनेक उपाय केले, नवस केले आणि लोकांचे बोलही ऐकले. अपत्याच्या वैगुण्याचे दुःख काय असते, हे या घराने अनुभवले होते. मौंजीबंधनाच्या वेळी मात्र मातेने भिक्षा घालताच बालकाच्या मुखातून वेदवाणी प्रकट झाली व सारे उपस्थित चकित झाले.

मातेला दिलेल्या वचनाप्रमाणे तिला पुढील अपत्ये होईपर्यंत नरहरी घरी राहिले आणि नंतर तीर्थयात्रेस निघाले. काशी क्षेत्री वृद्ध यती श्रीकृष्णसरस्वती यांच्याकडून त्यांनी संन्यासदीक्षा घेतली. तेव्हापासून ते श्रीनृसिंहसरस्वती या नावाने ओळखले जाऊ लागले.

भगिनीचे प्रारब्ध

पुष्कळ वर्षांनी श्रीगुरू कारंजास परत आले. मातापिता व भावंडांची भेट झाली. भगिनी रत्नाई हिने आपल्या भवितव्याविषयी विचारले. मुक्या प्राण्यांना तिच्याकडून पीडा घडली असून तिला पुढे कुष्ठरोग होईल, हे श्रीगुरूंनी तिच्यापासून लपविले नाही. सख्खी बहीण म्हणून तिचे प्रारब्ध त्यांनी पुसून टाकले नाही. मात्र त्याच वेळी, दक्षिणेस भीमा-अमरजा संगमी आपली भेट होईल व तेथील पापविनाशी तीर्थात व्याधीचा नाश होईल, असा मार्गही त्यांनी तिला दाखविला.

काळ लोटला. रत्नाईच्या अंगावर कुष्ठ उमटले आणि ती भावाला शोधीत गाणगापुरास आली. पापविनाशी तीर्थातील स्नानाने तिची व्याधी गेली व उर्वरित आयुष्य तिने तेथेच अनुष्ठानात घालविले. ज्यांनी भोग सांगितला त्यांनीच त्याचा शेवटही सांगून ठेवला होता, हे या प्रसंगाचे मर्म होय.

अन्न हेच औषध

गोदातीरी वासर क्षेत्री श्रीगुरूंचा मुक्काम असता एक ब्राह्मण नदीत जीव देण्यास निघाला. त्यास असह्य पोटशूळ होता. अन्न पोटात जाताच प्राण कासावीस होत, म्हणून पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने एखादा घास तो घेत असे. पूर्वजन्मी आपण कोणते पाप केले असेल या विचाराने तो पूर्ण निराश झाला होता. श्रीगुरूंनी शिष्यांकरवी त्यास परत आणविले. आत्महत्या हे महापाप असून तिने भोग संपत नाही, वाढतो, हे त्यास समजाविले. याच सुमारास गावचा अधिकारी सायंदेव दर्शनास आला. त्या रुग्णास आपल्या घरी नेऊन वडे, खीर असे मिष्टान्न भोजन घालण्याची आज्ञा श्रीगुरूंनी त्यास केली. अन्नाने हा मनुष्य मरेल या भीतीने सायंदेव थबकला; परंतु आज्ञा शिरसावंद्य मानून त्याने श्रीगुरूंसह त्यास जेवू घातले. त्या दिवसापासून पोटशूळ नाहीसा झाला.

या ठिकाणी श्रीगुरूंनी रुग्णाच्या पूर्वपापाचा हिशेब मांडला नाही. ज्यास सर्वांनी दूर केले होते त्यास पंक्तीला बसविले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वाडी व गाणगापूर

परळी वैजनाथ येथे गुप्तपणे राहून श्रीगुरू कृष्णातीरी आले. औदुंबर येथे एक चातुर्मास झाला. पुढे कृष्णा-पंचगंगा संगमी बारा वर्षे वास्तव्य झाले; तेच क्षेत्र आज नृसिंहवाडी म्हणून प्रसिद्ध आहे. तेथून ते भीमा-अमरजा संगमी गाणगापुरास आले व सुमारे दोन तपे तेथे राहिले. सध्या हे क्षेत्र कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात आहे.

गाणगापुरास आलेल्या कुष्ठरोग्यांपैकी नरहरी नावाच्या ब्राह्मणाची कथा सर्वश्रुत आहे. लोक त्याचे तोंडही पाहत नसत. श्रीगुरूंनी त्यास औदुंबराचे एक वाळलेले लाकूड संगमावर रोवून रोज पाणी घालण्यास सांगितले. त्यास पालवी फुटेल तेव्हा देह शुद्ध होईल, असे ते म्हणाले. लोकांनी चेष्टा केली, शिष्यांनीही ते व्यर्थ म्हटले. पण त्याने उपवासपूर्वक सात दिवस पाणी घातले. त्याचा भाव पाहून श्रीगुरूंनी कमंडलूतील तीर्थ शिंपडले. लाकडास पालवी फुटली व त्याचा देह निर्मळ झाला. नंदी नावाच्या दुसऱ्या कुष्ठरोग्यास देवीने गाणगापुरास धाडले होते. परंतु देवीने मनुष्याकडे पाठविले याचा त्यास विषाद वाटला. त्याची व्याधी गेली, तरी मनातील संशयाची खूण म्हणून मांडीवर एक डाग राहिला. श्रीगुरूंच्या आज्ञेने त्याने कवित्व आरंभिले, तेव्हा तोही मावळला.

बिदरच्या यवन राजास मांडीवर दुर्धर फोड झाला असता तोही गाणगापुरास आला. श्रीगुरूंनी त्यास पूर्वजन्मीची ओळख दिली. श्रीपाद श्रीवल्लभ अवतारात कुरवपूर येथे तो त्यांचा सेवक परीट होता. ओळख पटताच फोड नाहीसा झाला. श्रीगुरूंच्या दारी जात, धर्म वा अधिकार यांचा भेद नव्हता.

उसने आयुष्य

माहूरच्या गोपीनाथ नामक धनिकाचा पुत्र दत्त यास क्षयरोग जडला. वैद्यांनी हात टेकले. कोणी जवळ जाईना, तेव्हा त्याची पत्नी सावित्री रात्रंदिवस सेवा करीत राहिली. तीन वर्षांनी ती त्यास गाणगापुरास घेऊन निघाली. पण गावाजवळ येताच पतीचे प्राण गेले. श्रीगुरूंच्या कृपेने व रुद्राभिषेकाच्या तीर्थाने तो पुन्हा उठून बसला.

तेव्हा एका ब्राह्मणाने शंका काढली, की ब्रह्मदेवाने लिहिलेले जर असे पुसले जाते, तर कर्माच्या नियमास अर्थ काय? श्रीगुरूंनी उत्तर दिले, की नियम मोडलेला नाही. याच्या पुढील जन्माचे आयुष्य उसने मागून घेतले आहे. सद्गुरुकृपेचे स्वरूप या एका उत्तरात स्पष्ट होते. कर्माचा हिशेब खोटा होत नाही. परंतु कृपा त्यास मुदत देते, आणि मिळालेली मुदत सत्कर्मात घालविणे हे भक्ताचे कर्तव्य ठरते. शास्त्रात कर्माचे संचित, प्रारब्ध व क्रियमाण असे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रारब्ध भोगावे लागते. परंतु आजचे क्रियमाण सर्वस्वी आपल्या हाती असते.

निजगमन

शके १३८० मध्ये (इ. स. १४५९) माघ वद्य प्रतिपदेस श्रीगुरूंनी गाणगापुरी निर्गुण पादुका ठेवून श्रीशैल पर्वताकडे प्रयाण केले. पाताळगंगेच्या प्रवाहात फुलांच्या आसनावर बसून ते कर्दळीवनाकडे गेले व प्रवाहातून आलेली चार फुले शिष्यांनी प्रसाद म्हणून घेतली. हा दिवस गुरुप्रतिपदा म्हणून साजरा होतो.

भाविकांस निवेदन

श्रीगुरूंकडे आलेल्या एकाही रुग्णास त्यांनी पापी म्हणून परत पाठविले नाही. त्यांनी प्रत्येकास काही करावयास दिले : कोणास स्नान, कोणास सेवा, कोणास काव्य, कोणास केवळ पोटभर जेवण. म्हणून घरातील रुग्णास त्याच्या कर्माचा दोष देऊन दुखवू नये. सावित्रीप्रमाणे त्याची सेवा करावी. त्या काळी असाध्य मानलेले क्षय व कुष्ठरोग आज नियमित औषधोपचाराने पूर्ण बरे होतात व शासकीय रुग्णालयांत त्यांची औषधे मोफत मिळतात. व्रत, पारायण व नवस अवश्य करावेत. मात्र वैद्यांचे औषध मध्येच सोडू नये. तसेच रुग्णांसाठी अन्नदान व औषधदान करणे ही श्रीगुरूंच्या मार्गानेच केलेली सेवा होय, हे दानशूर भाविकांनी ध्यानी घ्यावे.

गाणगापूरच्या यात्रेस जाऊ इच्छिणाऱ्या भाविकांनी आटगावहून लोकलने कल्याणला जाऊन तेथून पुणे-सोलापूर मार्गे गाणगापूर रोड स्थानक गाठावे. तेथून क्षेत्री जाण्यास वाहने मिळतात. संगमस्नान, निर्गुण पादुकांचे दर्शन व माधुकरी हे तेथील मुख्य आचार आहेत.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥