अठरा बाळंतपणांच्या घरातला चित्रकार

अठरा बाळंतपणं, आणि त्यातून मोठी झालेली मुलं फक्त तीन! न्युरेंबर्गच्या बार्बरा ड्यूररची ही कहाणी. तिचा मुलगा आल्ब्रेख्त ड्यूरर पुढे जर्मनीतला फार मोठा चित्रकार झाला. पण मैत्रिणींनो, त्याच्या चित्रांतून सारखा डोकावणारा मृत्यू मला कळला तो या माउलीविषयी वाचल्यावरच.

आल्ब्रेख्तचा जन्म २१ मे १४७१ चा. वडील सोनार. धातूवर बारीक रेघ कोरायची सवय त्याच्या हाताला घरातच लागली. पण ओढ चित्रांची. पंधराव्या वर्षी तो एका चित्रकाराकडे शिकायला गेला, तेव्हा इतकी वर्षं शिकवलेलं वाया गेलं म्हणून वडील हळहळले. तसं ते वाया गेलं नाहीच म्हणा. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर कोरणीनं चित्र कोरायचं, रेषांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद दाबून छाप काढायचा, यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही.

१४९४ च्या जुलैत अ‍ॅग्नेस फ्रायशी त्याचं लग्न झालं. त्याच वर्षी शहरात प्लेग आला. चरित्रकार सांगतात की, नवी नवरी मागे ठेवून हा इटलीला निघून गेला. मला हे काही पटत नाही, पण असो. १४९८ मध्ये त्यानं जगबुडीच्या बायबलकथेवर पंधरा चित्रं लाकडी ठशांनी छापली. त्यातल्या एकात चार घोडेस्वार माणसांना तुडवत निघालेत आणि सगळ्यात हडकुळ्या घोड्यावर बसलाय मृत्यू. त्याच सुमाराचं आणखी एक चित्र आहे. नटूनथटून फिरायला निघालेलं तरुण जोडपं, आणि मागे झाडाआड डोक्यावर वाळूचं घड्याळ घेऊन मृत्यू टपलेला! वाळू संपली की वेळ संपली, हे तेव्हा कुणालाही सांगावं लागत नसे. १५०३ च्या चित्रात तर नवरीचा मुकुट ल्यालेल्या मुलीशेजारच्या ढालीवर चक्क कवटी आहे.

रंगवलेलं चित्र एखाद्या धनवानाच्या घरी जायचं. छापाच्या मात्र पुष्कळ प्रती निघायच्या आणि जत्रेत विकल्या जायच्या. विकायचं कोणी? घरातल्या बायकांनी! अ‍ॅग्नेस फ्रँकफर्टच्या जत्रेला जाई आणि म्हातारी बार्बरा गावातल्या जत्रेत बसे. कुशीतली इतकी मुलं गमावलेली बाई मुलाची चित्रं विकायला बसलेली... डोळ्यांसमोर आणून बघा.

१५०२ मध्ये वडील गेले. दोन वर्षांनी त्यानं आईला आपल्याकडे आणलं. १५१३ मध्ये ती आजारी पडली, ती पुन्हा बरी झालीच नाही. त्याच वर्षी त्यानं घोड्यावरचा चिलखती शिपाई कोरला. शेजारी साप गुंडाळलेला मृत्यू वाळूचं घड्याळ दाखवतोय, पण शिपाई ढुंकूनही बघत नाही! १५१४ च्या मार्चमध्ये त्यानं कोळशानं आईचं चित्र काढलं. खोल गेलेले गाल, गळ्याच्या उठून दिसणाऱ्या शिरा, कुठे काही झाकलेलं नाही. दोन महिन्यांनी ती गेली. तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती. तिला मरणाची फार भीती वाटत होती, हे त्यानं मागे लिहून ठेवलं.

त्याच वर्षीच्या चित्रात पंख असलेली एक बाई हाताला गाल टेकून उदास बसलीय. मागे पुन्हा वाळूचं घड्याळ, आणि भिंतीवर जादूचा चौरस. कुठूनही बेरीज करा, चौतीसच येते. खालच्या ओळीत मधोमध पंधरा नि चौदा. ते साल आईच्या मरणाचं म्हणूनच लिहिलं की नुसतं चित्राचं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

६ एप्रिल १५२८ ला ड्यूरर गेला, छप्पन्नाव्या वर्षी. मूलबाळ नव्हतं. बायकोनं पैशासाठी राबवून त्याला मारला, असा आरोप त्याच्या एका मित्रानं केला. शेकडो वर्षं लोकांनी तो खराही मानला. जत्रेत चित्रं विकून संसार चालवणारीलाच बोल! नवऱ्याचं शरीराच्या प्रमाणांवरचं पुस्तक छापायचं राहिलं होतं, ते अ‍ॅग्नेसनं त्याच वर्षी स्वतःच्या खर्चानं छापून घेतलं. त्यानंतर अकरा वर्षं ती जगली.