विश्लेषण : प्रोग्रामिंगमधला ‘कन्स्ट्रक्टर’ कसा काम करतो? त्यामागचे क्रिस्टेन न्यूगोर कोण होते?

पावसाळ्यात आंजर्ल्याच्या खाडीत नांगरून ठेवलेल्या होड्या मासेमारीबंदी संपली की समुद्राकडे निघतात. त्याआधी नोंदणी, परवाना, डिझेल, बर्फ, जाळी, तांडेल आणि खलाशी अशी सगळी जमवाजमव करावी लागते. यातले काही राहिले तरी होडी पाण्यावर तरंगेल, पण मासेमारीला जाऊ शकणार नाही. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये ही निघण्यापूर्वीची तयारी ‘कन्स्ट्रक्टर’कडे असते. तोंडी परीक्षेत हमखास विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नाचे मूळ नॉर्वेतल्या एका गणितज्ञाच्या आयुष्यात सापडते.

कन्स्ट्रक्टर नेमके काय करतो?

‘क्लास’ म्हणजे आराखडा आणि ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे त्यावरून तयार झालेली एकेक वस्तू. ‘होडी’ हा क्लास एकदाच लिहायचा. त्यावरून हव्या तितक्या होड्या करता येतात. जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये ‘न्यू’ हा शब्द वापरून नवी होडी मागितली की आधी संगणकाच्या स्मृतीत तिच्यासाठी जागा राखली जाते. मग कन्स्ट्रक्टर चालतो. बाहेरून दिलेला परवाना क्रमांक, खलाशांची संख्या, टाकीतले डिझेल या किमती तो आपापल्या जागी भरतो. त्यानंतरच ती होडी उरलेल्या प्रोग्रामच्या हाती येते. कन्स्ट्रक्टरला वेगळी हाक मारावी लागत नाही, आणि प्रत्येक ऑब्जेक्टसाठी तो जन्माच्या वेळी एकदाच चालतो.

तो नसेल तर काय बिघडते? सी प्लस प्लसमध्ये किंमत न दिलेल्या साध्या आकडेवजा जागेत स्मृतीत आधी पडलेला कचरा तसाच राहू शकतो. मग एका होडीवर हजारो खलाशी दिसतात आणि चूक शोधण्यात रात्र जाते. जावा तिथे शून्य भरते, पण शून्य खलाशांची होडी तरी काय कामाची? म्हणून चांगला कन्स्ट्रक्टर भरण्याआधी तपासतोही. परवाना क्रमांक रिकामा असेल तर तो चूक जाहीर करून थांबतो, आणि ती होडी कोणाच्या हाती येतच नाही. शिकवताना हा भाग अनेकदा घाईत उरकला जातो. खरा उपयोग मात्र इथेच आहे.

‘होडी’वरून ‘ट्रॉलर’ हा उपक्लास केला, तर आधी होडीचा कन्स्ट्रक्टर पूर्ण होतो, मग ट्रॉलरचा. सांगाडा उभा राहिल्याशिवाय जाळे ओढण्याचे यंत्र बसवणार कुठे? पायथनमध्ये मात्र उपक्लासने स्वतःचे ‘इनिट’ लिहिले, तर मूळ क्लासचे ‘इनिट’ आपणहून बोलवावे लागते. नवशिके फसतात ते इथे.

ही कल्पना कुठून आली?

क्रिस्टेन न्यूगोर यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ रोजी ऑस्लोत झाला. १९४८ मध्ये ते नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत दाखल झाले. देशाच्या पहिल्या अणुभट्टीसाठी लागणारी गणिते तिथे चालू होती आणि त्यांतली बरीचशी हातानेच करावी लागत होती. पुढे ते ‘ऑपरेशनल रिसर्च’कडे वळले. रांगा कुठे लागतात, यंत्र कुठे रिकामे राहते, माणसे कुठे कमी पडतात, याचे नमुने मांडून उत्तरे काढण्याचे हे शास्त्र. १९५६ मध्ये त्यांनी ऑस्लो विद्यापीठातून गणिताची पदव्युत्तर पदवी घेतली. १९६० मध्ये ते नॉर्वेजियन संगणन केंद्रात आले.

तिथे त्यांची अडचण स्पष्ट होती. अशी व्यवस्था संगणकाला समजावून सांगायला सोयीची भाषाच नव्हती. कल्पना न्यूगोर यांच्याकडे होत्या, पण त्या यंत्रावर उतरवणारा हवा होता. तो उले-योहान दाल यांच्या रूपाने मिळाला. संरक्षण संस्थेतले जुने सहकारी असलेले दाल प्रोग्रामिंगमध्ये तरबेज होते. युनिव्हॅक कंपनीने आपला ११०७ संगणक मोठ्या सवलतीत देऊ केला आणि त्या व्यवहारात ‘सिम्युला’ या नव्या भाषेचे कामही पदरात पडले. दोघांचे वाद इतके जोरदार होत, की फळ्यापुढे मारामारी चालली आहे असे वाटून नवी आलेली एक व्यक्ती टेलिफोन ऑपरेटरकडे धावली. ऑपरेटरला सवय होती. सिम्युलावर चर्चा चालू आहे, असे सांगून तिने समजूत घातली.

१९६७ च्या मे महिन्यात ऑस्लोजवळ लिसेबू येथील परिषदेत सुधारित भाषा मांडली गेली : सिम्युला ६७. क्लास, ऑब्जेक्ट, उपक्लास आणि ‘न्यू’ हे सगळे तिच्यात होते. ‘न्यू’ म्हटले की दिलेल्या किमती भरल्या जात आणि क्लासमध्ये लिहिलेल्या सूचना तिथल्या तिथे चालू होत. मूळ क्लासच्या आधी, उपक्लासच्या नंतर. कन्स्ट्रक्टर हे नाव तेव्हा नव्हते, काम तेच होते. पुढे केंब्रिजमध्ये सिम्युला वापरलेल्या बियार्ने स्ट्रौस्ट्रुप यांनी १९७९ पासून सी भाषेला क्लासची जोड दिली. त्यांनी ही तयारी वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवली आणि त्याला सुरुवातीला ‘न्यू’ असेच नाव दिले. क्लासचेच नाव देण्याची पद्धत नंतर आली.

मग न्यूगोर कामगारांकडे का गेले?

नमुन्यात माणूसही एक ऑब्जेक्टच असतो. त्याच्या खात्यात कोणत्या किमती भरायच्या, हे क्लास लिहिणारा ठरवतो. कामाचा वेग भरला आणि थकवा, कौशल्य सोडून दिले, तर पुढचे सगळे हिशेब वेगापुरतेच होतात. आपल्याच साधनाने कारखान्यातले काम अधिक चाकोरीबद्ध होऊ शकते, हे न्यूगोर यांना १९६०च्या दशकातच जाणवले होते. १९७० च्या सुमारास त्यांनी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेबरोबर काम सुरू केले. कामगारांनी आपापल्या कारखान्यातल्या नियोजन यंत्रणा स्वतः तपासल्या. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकही तयार झाले. नव्या संगणक यंत्रणेची माहिती आधी मिळण्याचा आणि तिच्यावर बोलण्याचा हक्क देणारे करार यातूनच पुढे आले. संगणकशास्त्राच्या पुस्तकांत या कामाला चार ओळीही मिळत नाहीत, हे खटकते.

१९९० मध्ये ते युरोपीय महासंघातील प्रवेशाला विरोध करणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष झाले. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना आपल्या समुद्राचे निर्णय ब्रसेल्समध्ये होणे मान्य नव्हते. २८ नोव्हेंबर १९९४ च्या सार्वमतात ५२.२ टक्के मते विरोधात पडली.

२००१ सालचा टुरिंग पुरस्कार न्यूगोर आणि दाल यांना मिळून देण्यात आला. २९ जून २००२ रोजी दाल गेले. सहा आठवड्यांनी, १० ऑगस्टला, न्यूगोर यांचे हृदयविकाराने निधन झाले.