व्याकरणाला मराठी तोंडवळा देणारे दादोबा

पाचवी-सहावीच्या वर्गात नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशी घोकंपट्टी सुरू झाली की मुले कंटाळतात आणि उभयान्वयी अव्यय येईपर्यंत निम्मा वर्ग खिडकीबाहेर पाहत असतो. पण ही नावे मराठी शाळेत रुळवण्यासाठी एका माणसाने उमेदीची वर्षे खर्ची घातली, हे त्या मुलांना सांगायला हवे. त्यांचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. वसईजवळचे तर्खड हे घराण्याचे मूळ गाव, त्यावरून तर्खडकर. धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग पुढे १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रभागी होते. दादोबांचे इंग्रजी शिक्षण मुंबईतच झाले आणि इंग्रजी व्याकरण शिकताना एक उणीव त्यांना जाणवली. इंग्रजांच्या मुलांना आपल्या भाषेचे नियम सांगणारे पुस्तक आहे, संस्कृतला पाणिनी आहे, मग मराठी मुलाने आपल्या भाषेबद्दल कोणत्या शब्दांत बोलायचे? विल्यम कॅरेने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले होते, पण ते इंग्रजीत आणि इंग्रजांसाठी होते. शास्त्रीमंडळींनीही मराठी व्याकरणे रचायला घेतली होती. त्यांतले एक तर शंभरावर वर्षे हस्तलिखितच राहिले.

दादोबांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे. योगायोग असा की धारवाडपासून वेगळा बेळगाव जिल्हा त्याच वर्षी झाला.

आराखडा त्यांनी लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणावरून घेतला आणि विभक्ती, प्रयोग, समास ही संज्ञांची शिदोरी संस्कृतातून आणली. पण मराठी या दोन्ही साच्यांत पुरती बसत नाही. घोडा या शब्दाला प्रत्यय लागण्याआधी त्याचे घोड्या होते, हे सामान्यरूपाचे प्रकरण इंग्रजीत कुठून सापडणार? राम आंबा खातो, पण रामाने आंबा खाल्ला आणि रामाने चिंच खाल्ली. इथे क्रियापद रामाला सोडून आंब्याच्या, चिंचेच्या मागे जाते.

आपल्या भागातल्या शिक्षकांनी या ठिकाणी जरा थांबावे. बेळगाव-खानापूरकडचे पोर सहज बोलून जाते, मी भाकरी खाल्लो, मी काम केलो. गुरुजी वहीवर लाल रेघ मारतात आणि पोर ओशाळते. पण हे बोलणे बेशिस्त नाही. शेजारच्या कानडीत क्रियापद कर्त्याच्या मागे चालते, तीच चाल आपल्या बोलीतही दिसते. पुस्तकी मराठीत इथे कर्मणी प्रयोग, आपल्या बोलीत कर्तरी. दादोबांची ही दोन नावे हाताशी असली तर मुलाला फरक समजावून सांगता येतो. नसली तर फक्त चूक म्हणता येते. परीक्षेत पुस्तकी रूप लिहायलाच हवे, त्यात सवलत नाही. पण घरची भाषा अशुद्ध असे एकदा मनात बसलेले पोर पुढे आपले मूल कोणत्या माध्यमात घालील, याचा विचार सीमाभागाने तरी करावा.

पुस्तकावर दादोबांचे आयुष्य थांबले नाही. माळव्यातील जावऱ्याच्या नबाबाला त्यांनी काही काळ शिकवले. नंतर एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक, मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत मुख्य. सुरतेत १८४४ साली दुर्गाराम मेहताजींसह त्यांनी मानवधर्म सभा काढली. मुंबईस परतून नवे शिक्षक तयार करण्याचे काम हाती घेतले आणि १८४९च्या सुमारास परमहंस सभा सुरू झाली. जातिभेद मानणार नाही, अशी सभासदांची प्रतिज्ञा असे आणि बैठका गुप्त चालत. १८६०च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली नि सभा मोडली. उघडपणे पुढे येण्याचे धैर्य तिथे कमी पडले, असे म्हणावे लागते. सरकारी नोकरीत ते १८५२ साली नगरला डेप्युटी कलेक्टर झाले. तिकडे भिल्लांचे बंड मोडण्याच्या कामाबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केले.

या साऱ्या धावपळीत व्याकरण मात्र सुटले नाही. १८५०ची दुसरी आवृत्ती त्यांनी बरीच नव्याने लिहिली. शाळकरी मुलांसाठी लघुव्याकरण १८६५ साली आले. त्याच वर्षी मोरोपंतांच्या केकावलीवरील त्यांची टीका यशोदा पांडुरंगी प्रसिद्ध झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या मांडणीतल्या अडचणी निबंधांतून दाखवल्या. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली शास्त्रीय मराठी व्याकरणात सगळाच विषय पुन्हा तपासला. दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणतात, ते थोडे कौतुकाचे आहे. मात्र पुढच्यांनी वाद घातला तो बराचसा त्यांच्याच शब्दांत.

१८८१ साली, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या व्याकरणाला पुरणिका जोडली. पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, ते वारले. त्यांचे आत्मचरित्र ग्रंथरूपाने वाचकांपुढे यायला १९४७ साल उजाडले. ते संपादून आणणारे अ. का. प्रियोळकर गोव्यातल्या प्रियोळचे.